प्रश्नाचे भाषांतर आणि उत्तराचा अर्थ

१९४३ सालच्या दुष्काळात बंगाल प्रांत होरपळून निघाला. त्याच्या पुढल्या वर्षी कलकत्त्याजवळील सिंगूर येथे ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ हायजीन अँड पब्लिक हेल्थ या संस्थेने आरोग्याची एक पाहणी केली. तीत विधवांना व विधुरांना त्यांच्या स्वतःच्या प्रकृतीविषयी विचारण्यात आले. विधुरांपैकी ४८.५ टक्के पुरुषांनी आपण आजारी आहोत किंवा आपली प्रकृती यथातथाच आहे असे सांगितले. विधवांपैकी असे सांगणाऱ्या स्त्रिया अवघ्या २.५ टक्के निघाल्या. 'यथातथा' हे उत्तर तेवढे वेगळे काढले, तर अंतर अधिकच विलक्षण दिसते : विधुर ४५.६ टक्के आणि विधवा शून्य.

दुष्काळानंतरच्या बंगालमध्ये विधवेची प्रकृती विधुरापेक्षा निकोप होती, असे कोणीही समंजस मनुष्य म्हणणार नाही. अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी हे आकडे पुढे अभ्यासकांच्या नजरेस आणले, ते याच कारणासाठी. स्थळ एक, काळ एक, विचारणारी संस्थाही एकच. तरी उत्तरे देणाऱ्यांची मापे वेगळी होती. अंग मोडून येणे, धाप लागणे, भूक न लागणे यांची 'प्रकृती बरी नसणे' अशी गणना करण्याचा हक्क आपल्याला आहे, असे त्या स्त्रियांना वाटलेच नसावे. 'यथातथा' हा शब्द उच्चारावयाचा, तर 'चांगली' प्रकृती कशी असते याची काही कल्पना मनात असावी लागते.

एकाच ठिकाणच्या माणसांत जर असे घडते, तर एका देशात, एका भाषेत रचलेली प्रश्नावली दुसऱ्या देशात, दुसऱ्या भाषेत उतरवून तिने लक्षावधी लोकांचे सुखदुःख मोजू पाहणे किती जोखमीचे असेल, याचा वाचकांनी विचार करावा. हे मोजमाप आज सर्रास चालते. जागतिक आरोग्य संघटनेची घटना १९४८ साली अंमलात आली. आरोग्य म्हणजे केवळ रोगाचा अभाव नव्हे, तर शारीरिक, मानसिक व सामाजिक स्वास्थ्य होय, अशी व्याख्या तीत केलेली आहे. व्याख्या उदात्त खरी. परंतु असे स्वास्थ्य मोजावयाचे कसे, हा प्रश्न तिने मागे ठेवला. मृत्यूंची नोंद ठेवता येते, रक्तदाब यंत्राने पाहता येतो. पण जगणे सुसह्य आहे की नाही, हे ज्याचे त्यालाच विचारावे लागते. या गरजेतून प्रश्नावल्या निघाल्या. अमेरिकेत १९९२ साली ३६ प्रश्नांची 'एस. एफ. ३६' प्रसिद्ध झाली. युरोपात १९८७ साली स्थापन झालेल्या 'युरोक्वॉल' मंडळाने हालचाल, स्वतःची निगा, नेहमीची कामे, वेदना आणि चिंता अशा पाच बाबींची 'ई. क्यू. ५ डी.' तयार केली. जागतिक आरोग्य संघटनेने १९९१ साली 'डब्ल्यू. एच. ओ. क्वॉल' या नावाने स्वतःच्या प्रश्नावलीचे काम हाती घेतले. या तीन प्रश्नावल्यांची भाषांतरे जगभर वापरली जातात, आणि भारतीय भाषांतही ती झालेली आहेत.

अडचण नावापासूनच सुरू होते. 'क्वालिटी ऑफ लाइफ' या शब्दप्रयोगास मराठीत 'जीवनमान' हा शब्द पुष्कळदा योजला जातो. परंतु जीवनमान म्हटले की सामान्य मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे घर, पगार, अन्नवस्त्र, फार तर दारातली गाडी उभी राहते. म्हणजे ते राहणीमानाचे सख्खे भावंड झाले. 'जीवनाची गुणवत्ता' म्हणावे, तर गुणवत्ता हा शब्द परीक्षेच्या यादीतून आलेला. कोणा शेतकऱ्यास 'तुमच्या जीवनाची गुणवत्ता कशी आहे?' असे विचारले, तर आपल्या जगण्याला कोणी गुण देत आहे असेच त्याला वाटेल. 'एकंदरीत तुमचे कसे चालले आहे?' हा प्रश्न त्याला कळेल. पण तो इतका सैल आहे की त्याला 'चाललंय' यापलीकडे उत्तर येणे कठीण.

वस्तूंच्या बाबतीतली गैरसोय चटकन ध्यानात येते, म्हणून ती फारशी धोक्याची नसते. मूळ 'एस. एफ. ३६' मध्ये मध्यम श्रमाची उदाहरणे म्हणून टेबल सरकवणे, कचरा ओढून घेणारे विजेचे यंत्र ढकलणे, बोलिंग आणि गोल्फ खेळणे यांचा उल्लेख आहे. चालण्याचे अंतर शहरातील 'ब्लॉक' मोजून विचारले आहे. भारतातील खेड्यात गोल्फविषयी विचारू नये, हे सांगावयास तज्ज्ञ लागत नाही. त्याच्या जागी भरलेली घागर उचलणे किंवा अंगण झाडणे घालावे, असे कोणासही सुचेल. मात्र येथेही सुचणे वेगळे आणि तपासणे वेगळे. ज्या घरात नळ आला तेथील तरुण सुनेने घागर कमरेवर घेतलेलीच नसते, आणि पुरुषाला विचारावे तर ते काम आपले नव्हेच असे तो सांगतो. घागरीचे श्रम गोल्फच्या श्रमांइतके आहेत की दुप्पट, हा हिशेब तर कोणी मांडलेलाच नसतो.

खरा धोका साध्या, निरुपद्रवी दिसणाऱ्या क्रियापदांत असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २६ प्रश्नांच्या लहान प्रश्नावलीत मनुष्याला कितपत इकडेतिकडे जाता येते, असा एक प्रश्न आहे. 'तुम्हांला कितपत हिंडता-फिरता येते?' हे त्याचे भाषांतर मराठीत अगदी सहज उतरते. हिंडती-फिरती आजीबाई म्हणजे धडधाकट आजीबाई, हे मराठी माणसास सांगावे लागत नाही. पण हाच प्रश्न नव्या सुनेला तिच्या सासूच्या देखत विचारला तर? 'येते' या शब्दात शक्ती आहे आणि मुभाही आहे. घराबाहेर पडण्याची परवानगी नसलेली, पाय शाबूत असलेली तरुणी 'मुळीच नाही' असे उत्तर देईल, आणि ते उत्तर शारीरिक क्षमतेच्या रकान्यात जाऊन बसेल. कारण हा प्रश्न त्या प्रश्नावलीच्या शारीरिक विभागातलाच आहे. कोष्टक पाहणाऱ्या अधिकाऱ्याला त्या गावात सांधेदुखी फार आहे असे वाटावे, आणि त्या मुलीला हवा असावा मोकळा उंबरठा!

'बरे' हा शब्दही असाच. प्रकृती 'बरी' आहे म्हणजे ती चांगली आहे, की जेमतेम आहे? 'बरे नाही' म्हणजे निश्चित आजारी. 'आता बरे वाटते' म्हणजे दुखणे उतरले. 'बरे आहे' ही तर निरोप घेण्याचीही रीत. पाच पायऱ्यांच्या उत्तरात हा शब्द कोणत्या पायरीवर ठेवावा, हे शब्दकोश सांगू शकत नाही.

भाषांतर तपासण्याची रूढ रीत म्हणजे उलट भाषांतर. एकाने इंग्रजीतून मराठीत न्यावे, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने मराठीतून पुन्हा इंग्रजीत आणावे, आणि दोन्ही इंग्रजी पाठ शेजारी ठेवून पाहावेत. या रीतीची शास्त्रशुद्ध मांडणी रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० साली केली. अनेक अहवालांत 'उलट भाषांतर करून पडताळणी केली' एवढे एक वाक्य लिहून हा विषय संपविलेला असतो. ब्रिस्लिन यांचा सावधगिरीचा इशारा मात्र सहसा कोणी उद्‌धृत करीत नाही. हुशार भाषांतरकार कच्च्या भाषांतरातूनही मूळ अर्थ ओळखून काढतो. दोघेही एकाच तऱ्हेच्या शिक्षणातून आलेले असले, तर त्यांच्यात न बोलता ठरलेले संकेत असतात. आणि भाषांतरात इंग्रजी वाक्याची ठेवण जितकी जास्त राहिली, तितके ते उलटविणे सोपे जाते. याचा अर्थ असा की, सर्वांत वाईट मराठी कधीकधी या परीक्षेत सर्वांत वरचा क्रमांक पटकावील. 'नकारात्मक भावना' हे शब्द इंग्रजीत अचूक परत जातात. परंतु ज्या बाईची छाती धडधडते, जिला 'चैन पडत नाही', जिच्या 'जिवाला गोड लागत नाही', तिला आपल्याला नकारात्मक भावना आहेत हे ठाऊकच नसते. परीक्षा झाली ती दोन पदवीधरांच्या इंग्रजीची. त्या बाईची गाठ पडलीच नाही.

याहून चांगला मार्ग आहे, आणि तो भारतात चालून पाहिलेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने आपली प्रश्नावली एका देशात लिहून बाकीच्यांना पाठवून दिली नाही. प्रारंभीच्या १५ केंद्रांत नवी दिल्ली व मद्रास ही दोन केंद्रे होती. त्यांच्याबरोबर हरारे, बँकॉक, टोकियो, झाग्रेब, पनामा, सेंट पीटर्सबर्ग अशी परस्परांहून अगदी भिन्न नगरे होती. जीवनात काय महत्त्वाचे आहे, याची चर्चा प्रत्येक केंद्राने रुग्णांच्या व निरोगी माणसांच्या गटांतून केली, आणि प्रश्न तेथूनच गोळा केले. मग २३६ प्रश्नांचा कच्चा मसुदा प्रत्येक ठिकाणी निदान ३०० माणसांपुढे ठेवण्यात आला. त्यांतून १०० प्रश्नांची मोठी आणि पुढे २६ प्रश्नांची लहान प्रश्नावली उरली.

त्यातही उत्तरांचे शब्द ठरविण्याची त्यांची युक्ती मुद्दाम सांगण्याजोगी आहे. 'मुळीच नाही' आणि 'अतिशय' ही दोन टोके ठरली. पण मधले शब्द कोणते? शब्दकोश उघडण्याऐवजी केंद्रांनी साध्या माणसांपुढे १० सेंटिमीटर लांबीची रेघ ठेवली. तिच्या एका टोकास एक शब्द, दुसऱ्या टोकास दुसरा. मग 'जरासे', 'थोडेफार', 'बऱ्यापैकी', 'पुष्कळ' यांसारखे त्या त्या भाषेतील निदान पंधरा शब्द एकामागून एक देऊन, हा शब्द रेघेवर कोठे बसतो तेथे खूण करा, असे सांगितले. सर्वांच्या खुणांची सरासरी काढून जो शब्द सुमारे पाव अंतरावर, जो निम्म्यावर आणि जो पाऊण अंतरावर पडला, तो त्या पायरीसाठी निवडला. अशा रीतीने हिंदीतली मधली पायरी आणि थाई भाषेतली मधली पायरी यांचे अर्थ शब्दाने नव्हे, तर अंतराने जुळविले गेले. काम थोडक्या माणसांचे, खर्च कागदपेन्सिलीचा. कोणत्याही तालुक्याच्या गावी ते एका आठवड्यात करता यावे. मराठीत 'थोडेफार' आणि 'बऱ्यापैकी' यांमध्ये कोल्हापूरच्या माणसाला जेवढे अंतर वाटते तेवढेच नागपूरच्या माणसाला वाटते काय, हा प्रश्न पंडितांच्या वादाचा नाही. तो रेघेवरच्या खुणांचा आहे.

नवी दिल्लीच्या केंद्रातून हिंदी प्रश्नावलीचा वृत्तांत १९९८ साली प्रसिद्ध झाला. तथापि हिंदी तपासली म्हणजे भारतीय भाषा तपासल्या, असे मानण्याची एक सोयीस्कर वृत्ती सरकारी व विद्यापीठीय वर्तुळांत आढळते, ती सोडली पाहिजे. २०११ च्या जनगणनेत दहा हजारांहून अधिक लोकांची मातृभाषा असलेल्या १२१ भाषा नोंदल्या गेल्या. त्या सर्वांत एकदम काम होणार नाही हे उघड आहे. पण ज्या भाषेत काम झाले नाही, तिच्यातील आकडे झालेल्या भाषेच्या आकड्यांशेजारी निःशंकपणे छापणे, हे शास्त्र नव्हे.

संख्याशास्त्राच्या कसोट्या लावल्या की सारे निभावते, असाही एक समज आहे. ली क्रॉनबाख यांनी १९५१ साली मांडलेला 'अल्फा' हा अंक अहवालांत हमखास दिसतो. एका विभागातील प्रश्नांची उत्तरे परस्परांशी कितपत मेळ खातात, हे तो सांगतो. आणि तो ०.७० च्या वर गेला की समाधान मानण्याचा प्रघात आहे. परंतु पाच साक्षीदार एकच खोटी हकीकत सांगू लागले, तरी त्यांच्या जबान्यांचा मेळ उत्तम बसतो. उलट, तेवीस देशांतील ११,८३० व्यक्तींवर आधारलेल्या २००४ सालच्या अभ्यासात जागतिक आरोग्य संघटनेच्या लहान प्रश्नावलीच्या सामाजिक विभागाचा अल्फा ०.६८ आला. त्या विभागात प्रश्नच तीन आहेत, आणि त्यांतला एक लैंगिक जीवनाविषयी आहे. अविवाहित मुलीला किंवा सत्तरीच्या विधुराला तो परक्या माणसाने दारात उभे राहून विचारावयाचा! तेथे अंक थोडा खाली आला म्हणून भाषांतराला दोष देणे जितके चुकीचे, तितकेच अंक वर आला म्हणून त्याची पाठ थोपटणे चुकीचे.

यापेक्षा साधी व कसदार परीक्षा म्हणजे उत्तर देणाऱ्याला प्रश्न स्वतःच्या शब्दांत परत सांगावयास लावणे. 'या प्रश्नात तुम्हांला काय विचारले?', 'हे उत्तर देताना तुमच्या मनात काय आले?' असे दहापंधरा माणसांना निवांत विचारले, तरी 'हिंडणे-फिरणे' यातील गोम पहिल्याच दिवशी बाहेर पडते. मात्र ही माणसे पाहणी जेथे व्हावयाची तेथली हवीत. महाविद्यालयाच्या आवारातले विद्यार्थी हाताशी असतात म्हणून त्यांच्यावर केलेली चाचणी सत्तर वर्षांच्या निरक्षर वृद्धेसाठी निरुपयोगी होय.

निरक्षरतेचा उल्लेख येथे ओघाने आला, पण तो महत्त्वाचा आहे. या प्रश्नावल्या मुख्यतः स्वतः वाचून भरण्यासाठी रचलेल्या आहेत. भारतातील पाहणीत त्या पुष्कळदा वाचून दाखविल्या जातात. मग प्रश्न कागदावरचा राहत नाही, तो पाहणी करणाऱ्याच्या तोंडचा होतो. समोरच्याला कळले नाही की तो आपल्या मगदुराप्रमाणे समजावून सांगतो. खानदेशात अहिराणीचा आधार घेतो, सिंधुदुर्गात मालवणीचा. त्याचा हेतू चांगलाच असतो. पण प्रयोगशाळेत तपासलेले वाक्य आणि ओसरीवर विचारलेले वाक्य ही दोन निराळी झाली. शेजारी सासू, नवरा, चारदोन पोरे उभी. सरकारी माणूस दिसला म्हणून कोणी शिधापत्रिकेची आशा धरतो आणि हाल वाढवून सांगतो, तर कोणी पाहुण्यापुढे रडगाणे नको म्हणून 'सगळे छान' म्हणतो. ही परिस्थिती चाचणीत आलीच पाहिजे; ती टाळून केलेली चाचणी म्हणजे विहिरीत न उतरता दिलेली पोहण्याची परीक्षा.

या सर्व खटाटोपाला काळ व पैसा लागतो, आणि तेवढ्यात पाहणीचा हंगाम निघून जातो, असा आक्षेप घेतला जातो. आक्षेप खोटा नाही. परंतु पाहणी जितकी मोठी, तितका तो दुबळा ठरतो. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७ साली सुरू केलेल्या वार्धक्यविषयक पाहणीच्या पहिल्या फेरीत ४५ वर्षांवरील व्यक्ती व त्यांचे जोडीदार मिळून ७२ हजारांहून अधिक जण होते. तिच्या प्रश्नांत उणीव होती असे येथे सुचवावयाचे नाही. सांगावयाचे आहे ते मोठ्या संख्येविषयी. माणसांची संख्या वाढविली की योगायोगाने येणारी चूक कमी होते. शब्दाच्या अर्थातली चूक मात्र तशीच राहते, आणि आकडा अधिक काटेकोर दिसू लागल्याने तिच्यावरचा विश्वास तेवढा वाढतो.

दुसरा आक्षेप याच्या उलट टोकाचा आहे. सेन यांनीच २००२ साली दाखवून दिले की, भारतात सर्वांत दीर्घायुषी असलेल्या केरळात लोक आजाराच्या तक्रारी सर्वांत अधिक सांगतात, आणि आयुर्मान पुष्कळ कमी असलेल्या बिहारात फार थोड्या. मग माणसांना विचारावेच कशाला? मृत्यू मोजावेत, वजने घ्यावीत, रक्त तपासावे, म्हणजे झाले. हा युक्तिवाद आकर्षक आहे, पण तो स्वीकारणे म्हणजे सिंगूरच्या विधवांचा आवाज, जो आधीच क्षीण होता, तो कायमचा बंद करणे होय. वेदना, भीती, एकाकीपणा यांना यंत्र नाही. उपाय विचारणे सोडण्यात नसून उत्तरामागचे माप शोधण्यात आहे. त्यासाठी एक तोडगा जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली महाराष्ट्रासह भारतातील सहा राज्यांत झालेल्या पाहणीत वापरला. उत्तर देणाऱ्याला स्वतःविषयी विचारल्यावर कल्पित व्यक्तींची लहान वर्णने वाचून दाखवावयाची : अमुक एक गृहस्थ थोडे अंतर सहज चालतो, पण कोसभर चालल्यावर त्याला बसावे लागते, त्याला चालण्यास कितपत त्रास आहे? वर्णन सर्वांसाठी तेच. केरळचा माणूस त्याला 'बराच त्रास' म्हणाला आणि बिहारचा 'काहीच नाही' म्हणाला, तर दोघांची मापे किती वेगळी आहेत हे कळते, आणि त्यांनी स्वतःविषयी दिलेली उत्तरे त्या मानाने लावून घेता येतात. ही वर्णनेही भाषांतरित होतात, त्यांचाही अर्थ निसटू शकतो. शिवाय स्वतःला आणि परक्याला मनुष्य एकाच मापाने मोजतो हे गृहीत धरावे लागते. आईबापांच्या पिढीतली कितीतरी माणसे दुसऱ्याचे दुखणे मोठे मानतात आणि स्वतःचे हसण्यावारी नेतात. तेव्हा हा तोडगा रामबाण नव्हे. परंतु काहीच न करण्यापेक्षा तो कितीतरी बरा.

हा सारा वाद विद्वानांपुरता राहिला असता, तर त्याची एवढी मातब्बरी नव्हती. पण या उत्तरांवरून आता पैशाचे निर्णय होतात. एखादे औषध किंवा उपचार सरकारी खर्चाने द्यावा की नाही हे ठरविताना, त्याने आयुष्याची किती वर्षे वाढतात एवढेच पाहत नाहीत, तर ती वर्षे कशी जातात हेही गणितात धरतात. त्यासाठी अंथरुणाला खिळणे अधिक वाईट की सततची चिंता अधिक वाईट, याची किंमत लोकांकडून लावून घ्यावी लागते. भारताची अशी स्वतःची किंमतसारणी २०२२ साली प्रसिद्ध झाली; तिच्यासाठी पाच राज्यांतील ३,५४८ व्यक्तींना विचारण्यात आले. तोवर परदेशी लोकांनी लावलेल्या किमती उसन्या घेऊन भारतीय रुग्णांचा हिशेब मांडावा लागे. हे पाऊल निःसंशय स्वागतार्ह आहे. मात्र पाच राज्यांतील लोकांनी लावलेली किंमत ही ज्यांना विचारले गेले नाही त्या भाषांतील लोकांनीही लावली असती काय, हा प्रश्न उरतो; तो विचारणे म्हणजे त्या कामाचा अधिक्षेप नव्हे.

तेव्हा आरोग्यपाहणीला अनुदान देणाऱ्या संस्थांनी दोन अटी घालाव्यात. ज्या भाषेत रेघेची परीक्षा व निवांत मुलाखती झाल्या नाहीत, त्या भाषेतील जीवनविषयक आकडे त्या राज्यापुरते वापरावेत. इतर राज्यांशी तुलनेच्या कोष्टकात ते घालू नयेत. याने काही वर्षे नकाशावर बरीच राज्ये कोरी दिसतील, आणि कोरा नकाशा मंत्र्यांना आवडत नाही; त्याला इलाज नाही. दुसरी अट छपाईची आहे. अहवालात प्रश्न इंग्रजीत छापलेले असतात, आणि लोकांना ते विचारलेले असतात मराठीत, तमिळमध्ये, ओडियात. ज्या शब्दांत ते प्रत्यक्ष विचारले गेले ते शब्द, त्या त्या लिपीत, परिशिष्टात आले पाहिजेत. म्हणजे वाचनालयात बसलेल्या एखाद्या शिक्षकाला किंवा परिचारिकेलाही 'बरे' हा शब्द कोणत्या पायरीवर ठेवला होता हे स्वतः पाहून घेता येईल.